आय’ड, शी’ड, दे’ड वापरताना या चुका टाळा

इंग्लिशमधला तो अपॉस्ट्रॉफीवाला ’ड दिसतो एवढासा पण तो कधी हॅड असतो तर कधी वुड, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते की ते त्या ’डकडेच टक लावून बघत बसतात आणि अर्थ ठरवायला जातात. ’डवरून काहीही कळत नाही हो. बघायचं ते त्याच्या पुढच्या क्रियापदाकडे. पुढे थर्ड फॉर्म (गो, वेन्ट, गॉन मधलं तिसरं, गॉन) असेल तर तो हॅड, पुढे पहिलं रूप असेल तर वुड. शी’ड गॉन होम म्हणजे ती घरी गेलेली होती, शी’ड गो होम म्हणजे ती घरी जायची, सगळा फरक त्या गॉन आणि गो मध्ये आहे. मध्ये ऑलरेडी, नेव्हर, ऑलवेज, जस्ट असलं काही घुसलं तर ते ओलांडून पुढे बघा. आय’ड ऑलवेज वॉन्टेड मध्ये हॅड आहे, आय’ड ऑलवेज वॉक मध्ये वुड आहे, ऑलवेज दोन्हीकडे आहे त्यामुळे त्याच्यावरून काही ठरत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सेकंड फॉर्म लावणं. आय’ड वेन्ट, ही’ड सॉ, वी’ड ॲट, शी’ड रोट. असं होतं कारण वॉक्ड, फिनिश्ड, कॉल्ड सारख्या क्रियापदांत सेकंड आणि थर्ड फॉर्म सारखेच असतात, तिथे चूक झाली तरी दिसत नाही आणि मग वाटतं की आपल्याला जमतंय. त्यामुळे जिथे रूप बदलतं ती क्रियापदं वेगळी काढून ’डसकट मोठ्याने म्हणत पाठ करा: आय’ड गॉन, आय’ड सीन, आय’ड ईटन, आय’ड रिटन, आय’ड टेकन, आय’ड बिगन, आय’ड ड्रंक. नुसता तक्ता पाठ करण्यापेक्षा हे बरं, कारण बोलताना ’ड आणि क्रियापद जोडीनेच तोंडात येतात.

आता थोडं अवघड. कम, पुट, कट, रन, बिकम, लेट, हिट यांचं पहिलं रूप आणि थर्ड फॉर्म एकच, म्हणजे वरचा नियम इथे उपयोगाचा नाही. व्हेन आय गॉट देअर, दे’ड पुट द चेअर्स अवे, इथे मी पोचायच्या आधीच खुर्च्या उचललेल्या होत्या, म्हणून हॅड. एव्हरी ईव्हनिंग दे’ड पुट द चेअर्स अवे, इथे रोज संध्याकाळी उचलायचे, सवय, म्हणून वुड. अक्षरन् अक्षर सारखं, फक्त वेळ सांगणारा तुकडा वेगळा. अशा ठिकाणी लिहिताना शंका आली तर सरळ पूर्ण हॅड किंवा वुड लिहा, शॉर्ट फॉर्म करायलाच पाहिजे असं कुठे आहे!

मग येतं हॅव. आय’ड हॅव गॉन दिसलं की लोक म्हणतात शेवटी गॉन आहे म्हणजे हॅड. नाही. ’डच्या लगेच पुढे काय आहे ते बघा, हॅव आहे, ते पहिलं रूप, म्हणून वुड हॅव गॉन, मी गेलो असतो. आणि आय’ड हॅड दिसलं की लोकांना वाटतं चुकून दोनदा टाइप झालं आणि एक हॅड खोडून टाकतात, ते तर अजिबात करू नका. आय’ड हॅड ब्रेकफास्ट बिफोर शी केम हे पूर्ण बरोबर आहे, पहिला हॅड मदतीला आलेला आणि दुसरा हॅड हेच खरं क्रियापद. तसंच आय’ड हॅड माय हेअर कट, म्हणजे मी केस कापून घेतले होते.

हे दोन्ही एकत्र बघायचं असेल तर हे वाक्य घ्या: इफ आय’ड नोन, आय’ड हॅव टोल्ड यू. मला माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं. पहिला ’ड हॅड, कारण पुढे नोन. दुसरा ’ड वुड, कारण पुढे हॅव. हे न कळल्यामुळे लोक दोन्हीकडे वुड भरतात आणि इफ आय वुड हॅव नोन असं लिहितात. बोलण्यात हे अगदी इंग्लिश मातृभाषा असलेल्यांकडूनही ऐकायला मिळतं, पण परीक्षेत आणि फॉर्मल लिखाणात ती चूकच धरली जाते.

एक अपवाद मात्र डोक्यात पक्का ठेवा, यू’ड बेटर गो. इथे पहिलं रूप असूनही ’ड म्हणजे हॅड. बेटरपुढे टू नाही लागत, गॉन नाही लागत, नुसतं गो. रादरच्या बाबतीत मात्र आय’ड रादर स्टे म्हणजे वुड रादर.

काही ठिकाणी शॉर्ट करायचंच नाही. हॅड यू सीन इट ला उत्तर येस, आय हॅड असंच येतं, येस, आय’ड असं वाक्य संपत नाही. जवळ काहीतरी होतं या अर्थाचा हॅड आणि हॅड टू हेही पूर्णच लिहा, आय हॅड अ कार, आय हॅड टू गो. आय’ड अ कार जुन्या ब्रिटिश वळणाचं वाटतं आणि आय’ड टू गो तर वाचणारा अडखळतोच.

आता आपल्या मराठी बोलणाऱ्यांची खास चूक, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. आपण सहज म्हणतो, काल मी डॉक्टरकडे गेलो होतो. मग इंग्लिशमध्ये पण आय’ड गॉन टू द डॉक्टर येस्टरडे. व्याकरणात क्रियापदं बरोबर बसली आहेत पण ऐकणारा वाट बघत राहतो की बरं, मग पुढे काय झालं? कारण इंग्लिशमध्ये पास्ट पर्फेक्टला, म्हणजे हॅड आणि थर्ड फॉर्मच्या या जोडीला, भूतकाळातलाच दुसरा एक क्षण लागतो ज्याच्या आधी हे घडलं, मग तो त्याच वाक्यात असो नाहीतर आधीच्या बोलण्यात. आपला होतो, होती एकटा उभा राहू शकतो, त्यांचा हॅड नाही राहू शकत. नुसती कालची गोष्ट सांगायची असेल तर आय वेन्ट टू द डॉक्टर येस्टरडे, संपलं. आणि व्हेन यू कॉल्ड, आय’ड गॉन टू द डॉक्टर म्हटलं की ’डला काम मिळालं.

ऐकताना अजून एक त्रास होतो, पुढचं क्रियापद ट किंवा ड ने सुरू झालं की ’ड त्यात विरघळून जातो, दे’ड टोल्ड मी आणि दे टोल्ड मी जवळपास सारखंच ऐकू येतं. तिथे कानाला ताण देऊन उपयोग नाही, बाय द टाइम, बिफोर, ऑलरेडी असे शब्द आसपास आहेत का ते पकडा.

आणि टाइप करताना अपॉस्ट्रॉफी खाऊ नका. शी’ड मधून ती काढली की शेड होतं म्हणजे छपरी, वी’ड मधून काढली की वेड म्हणजे लग्न करणं, आणि हे दोन्ही खरे इंग्लिश शब्द असल्यामुळे स्पेलचेक बऱ्याचदा काहीच बोलत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं.