विंडो बंद झाली म्हणजे ॲप बंद झालं का? डेस्कटॉप ॲपचा सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा प्रवास कोडमध्ये कसा सांभाळावा

समजा, इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या एखाद्या गणेशोत्सव मंडळासाठी तुम्हाला वर्गणीच्या पावत्यांचं ॲप लिहायचं आहे. कार्यालयात विंडोजचा जुना पीसी आहे, चिटणिसांकडे मॅकबुक आहे आणि कुणीतरी देऊ केलेल्या तिसऱ्या मशीनवर उबंटू लिनक्स चालतं. तीन वेगळी ॲप्स लिहायला कुणाला वेळ आहे? मग हात इलेक्ट्रॉनकडे वळतो. गिटहबच्या ॲटम एडिटरसाठी २०१३ मध्ये ‘ॲटम शेल’ म्हणून सुरू झालेल्या या चौकटीला २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन हे नाव मिळालं. आत क्रोमियम (ब्राउझरचं इंजिन) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) असल्यामुळे वेबसाइट बनवता येणाऱ्याला डेस्कटॉप ॲपही बनवता येतं.

कोड तिन्हीकडे एकच असला तरी ‘ॲप बंद करणं’ ही गोष्ट तिन्हीकडे एकसारखी नसते. पावती फाडण्याचा स्क्रीन दोन दिवसांत तयार होतो, पण ॲप उघडणं, झोपणं, मरणं यांचा हिशेब लावताना खरा वेळ जातो. हा सगळा कोड विंडो बनवणाऱ्या मुख्य प्रोसेसमध्ये, एकाच फाइलमध्ये ठेवा. पाच फाइलींत विखुरलेले इव्हेंट (‘अमुक घडलं’ अशा ॲपला मिळणाऱ्या सूचना) नंतर कुणालाच सापडत नाहीत.

(इव्हेंट आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.)

पहिली पायरी : एका मशीनवर एकच ॲप

पीसी संथ असला की खजिनदार आयकॉनवर दोनदा, मग पुन्हा दोनदा क्लिक करतात. दोन ॲप्स उघडतात. दोघंही शेवटचा क्रमांक २१४ वाचतात आणि दोघंही २१५ क्रमांकाची पावती छापतात. “भिया, दोनदा उघडलं तर काय झालं?” याचं उत्तर मग हिशेबाच्या दिवशी मिळतं.

म्हणून कोडच्या अगदी सुरुवातीला ‘रिक्वेस्ट सिंगल इन्स्टन्स लॉक’ हे फंक्शन बोलवा. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर ॲप आधीच चालू आहे, तेव्हा ‘ॲप डॉट क्विट’ करून बाजूला व्हा. मात्र क्विट म्हटल्यावर पुढच्या ओळी तिथल्या तिथे थांबत नाहीत. त्यामुळे बाकीचा सगळा कोड ‘एल्स’मध्ये घाला, नाहीतर जाता जाता दुसरं ॲप डेटाबेस उघडून बसेल. आधीपासून चालू असलेल्या ॲपला ‘सेकंड-इन्स्टन्स’ इव्हेंट मिळतो. त्यात विंडो मिनिमाइज केलेली असेल तर वर आणा आणि तिला फोकस द्या. मॅकवर फाइंडरमधून उघडलं तर ही काळजी यंत्रणाच घेते, पण टर्मिनलमधून उघडलं तर घेत नाही, म्हणून लॉक तिथेही असू द्या.

हे कुलूप फक्त त्या मशीनपुरतं असतं. तीन मशीनवर पावत्या फाडायच्या असतील तर प्रत्येकाला क्रमांकांची वेगळी मालिका द्या. कागदी पुस्तकं वाटताना मंडळं हेच करत आली आहेत.

दुसरी पायरी : ‘रेडी’ची वाट

‘ॲप डॉट व्हेन रेडी’ पूर्ण झाल्याशिवाय विंडो बनवता येत नाही. त्यानंतर आधी डेटाबेस उघडा, मग विंडो. विंडो ‘शो : फॉल्स’ ठेवून बनवली आणि ‘रेडी-टू-शो’ आल्यावर दाखवली, तर सुरुवातीचा पांढरा झगमगाट टळतो. मॅकवर फाइलवर क्लिक करून ॲप उघडायची सोय हवी असेल, तर ‘ओपन-फाइल’चा श्रोता (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) मात्र रेडीच्या आधीच लावावा लागतो.

डेटा प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. ‘गेट पाथ’कडून ‘यूजर डेटा’ची जागा मागा. प्रत्येक प्लॅटफॉर्मवरची योग्य जागा ते स्वतःच शोधून देतं.

तिसरी पायरी : शेवटची विंडो मिटली, पुढे काय?

मॅकची रीत अशी की विंडो मिटली तरी ॲप डॉकमध्ये, म्हणजे आयकॉनच्या पट्टीत, जागं राहतं आणि कमांड-क्यू दाबल्यावरच जातं. विंडोज आणि लिनक्सवर लोक विंडोच्या कोपऱ्यातल्या फुलीलाच निरोप समजतात. यासाठी ‘विंडो-ऑल-क्लोज्ड’ हा इव्हेंट आहे. त्याला श्रोताच लावला नाही तर इलेक्ट्रॉन तिन्हीकडे ॲप बंद करतो. श्रोता लावला की निर्णय तुमचा, आणि आत क्विट लिहायला विसरलात तर ॲप न दिसता टास्क मॅनेजरमध्ये पडून राहतं. प्रचलित नमुना असा : प्लॅटफॉर्म ‘डार्विन’ (म्हणजे मॅक) नसेल तर क्विट करा, आणि ‘ॲक्टिव्हेट’ इव्हेंटमध्ये, म्हणजे डॉकवर क्लिक झाल्यावर, विंडो नसेल तर नवी बनवा.

हा नमुना डोळे मिटून उतरवायची गरज नाही. एकाच विंडोच्या छोट्या ॲपसाठी मी मॅकवरही सरळ क्विट करीन. ॲपलची स्वतःची सिस्टिम सेटिंग्जही विंडो मिटली की बंद होतात. पावत्यांचं ॲप रिकामं जागं ठेवून चिटणिसांना काही मिळत नाही.

चौथी पायरी : निरोपाचा क्रम

बहुतेकांचं गणित इथेच चुकतं, म्हणून सावकाश पाहू. मेनूतून किंवा कमांड-क्यूने बंद केलं, तर आधी ‘बिफोर-क्विट’ येतो, मग प्रत्येक विंडोचा ‘क्लोज’, त्यानंतर ‘विल-क्विट’ आणि शेवटी ‘क्विट’. या वाटेत ‘विंडो-ऑल-क्लोज्ड’ येतच नाही. फुली दाबली तर मात्र आधी विंडोचा ‘क्लोज’, मग ‘विंडो-ऑल-क्लोज्ड’, तिथून तुम्ही क्विट म्हणता आणि तेव्हा कुठे ‘बिफोर-क्विट’ येतो. तोवर विंडो गेलेली असते.

म्हणजेच “पावती अर्धवट आहे, तरी बंद करू?” हा प्रश्न ‘बिफोर-क्विट’मध्ये विचारून उपयोग नाही. तो विंडोच्या ‘क्लोज’मध्ये विचारा, कारण दोन्ही वाटा तिथून जातात. उत्तर ‘नको’ आलं तर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ करा, म्हणजे विंडो राहते आणि चालू असलेलं क्विटही रद्द होतं.

फुली दाबल्यावर ॲप घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये लपवायचं असेल तर आणखी एक गुंता होतो. ‘क्लोज’ नेहमीच अडवला तर ॲप कधीच बंद होणार नाही. म्हणून ‘आता खरंच जायचं आहे’ अशी एक खूण ठेवा. ‘बिफोर-क्विट’मध्ये ती खरी करा आणि ‘क्लोज’मध्ये ती खोटी असेल तरच लपवा. वापरकर्त्याने ‘नको’ म्हटलं तर खूण पुन्हा खोटी करायची, नाहीतर पुढची साधी फुलीसुद्धा ॲप बंद करेल. ॲप स्वतःला अद्ययावत करत असेल तर ‘क्विट अँड इन्स्टॉल’ आधी विंडो मिटवतं आणि मग ‘बिफोर-क्विट’ पाठवतं, म्हणजे खूण वेळेवर खरी होत नाही आणि अपडेट अडकतं. ते फंक्शन बोलावण्याआधी खूण हाताने खरी करा.

निरोपाच्या वेळी वेळखाऊ काम असेल, उदाहरणार्थ पेनड्राइव्हवर बॅकअप, तर इलेक्ट्रॉन तुमच्या प्रॉमिसची, म्हणजे नंतर पूर्ण होणाऱ्या कामाची, वाट पाहत नाही. ‘विल-क्विट’मध्ये एकदा ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ करा, काम संपवा आणि मग ‘ॲप डॉट एक्झिट’ म्हणा. हे फंक्शन काही न विचारता बाहेर पडतं, ‘बिफोर-क्विट’ आणि ‘विल-क्विट’ पुन्हा येत नाहीत. कामाला काही सेकंदांची मर्यादा घाला. पेनड्राइव्ह कुणी उपटून नेला म्हणून ॲप लटकता कामा नये.

पाचवी पायरी : निरोप न घेता जाणं

विंडोज शटडाउन, रीस्टार्ट किंवा लॉग-आउट झालं तर तिथे ‘बिफोर-क्विट’ आणि ‘विल-क्विट’ येत नाहीत. विंडोवर ‘सेशन-एंड’ येतो, पण तो आला की फारसं काही करायला वेळ नसतो. यूपीएस नसलेल्या पीसीची वीज गेली तर तेही नाही. त्यामुळे ‘बंद होताना सेव्ह करू’ हा विचारच सोडा. पावतीचं बटण दाबलं की आधी डेटाबेसमध्ये नोंद पक्की करा आणि मग प्रिंटरला पाठवा. एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसमध्ये ही नोंद एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसते, म्हणजे पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही. साध्या जेसन फाइलवर भागवत असाल तर नवा मजकूर शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून मग तिचं नाव बदला, मूळ फाइलवर थेट लिहू नका.

विंडोतलं पान कोसळलं तर ‘रेंडर-प्रोसेस-गॉन’ येतो. पान पुन्हा लोड करा. नोंदी मुख्य प्रोसेसकडे असल्या की त्यांना काही होत नाही. लॅपटॉप झोपण्या-जागण्यासाठी ‘पॉवर मॉनिटर’चे ‘सस्पेंड’ आणि ‘रिझ्यूम’ आहेत. नेटवर्कशी बोलणारं ॲप असेल तरच त्यांच्याकडे पाहा.

सहावी पायरी : मुद्दाम मारून पाहा

प्रत्येक इव्हेंटमध्ये लॉग फाइलला वेळेसकट एक ओळ जोडा, आणि ती सिंक पद्धतीने, म्हणजे लिहून होईपर्यंत थांबून, नाहीतर शेवटची ओळ लिहायच्या आतच प्रोसेस जाते. मग फुली, ऑल्ट-एफ४, कमांड-क्यू, डॉकवरच्या मेनूतलं क्विट, टास्क मॅनेजरमधलं एंड टास्क आणि विंडोज रीस्टार्ट, सगळं करून लॉग वाचा. ही परीक्षा तिन्ही मशीनवर घ्या. मॅकवर नीट चाललं म्हणून उबंटूवर चालेलच असं नाही.

शेवटी पावती छापताना पीसीचा प्लग काढा. पुन्हा सुरू केल्यावर डेटाबेसमधला क्रमांक कागदाइतका किंवा कागदाच्या एकने पुढे असायला हवा, मागे कधीच नाही. पुढे असेल तर ॲपने सुरुवातीलाच ती न छापलेली पावती दाखवावी आणि त्याच क्रमांकाने पुन्हा छापायची सोय द्यावी. नवा क्रमांक द्यायचा नाही.