टिपरचा डिफ लॉक कधी लावायचा, कधी काढायचा

खाणीवर किंवा रस्त्याच्या कामावर नवा ड्रायव्हर आला की डॅशबोर्डवरच्या डिफ लॉकच्या, म्हणजे डिफरन्शियल बांधून टाकणाऱ्या लॉकच्या, बटणांबद्दल त्याला एकच गोष्ट सांगितलेली असते : गाडी रुतली की दाबायची. मी साइटवर टिपरची दुरुस्ती करतो. माझ्यापुढे तुटके एक्सल शाफ्ट (चाक फिरवणारे दांडे) येतात, त्यातले बरेचसे या अर्ध्या सल्ल्यामुळेच आलेले असतात.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून डिफरन्शियलमधले, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीतले, स्टार गिअर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटतात. गोची तिथेच आहे. डावं चाक चिखलात असेल तर ते फिरवायला जोर लागतच नाही, मग कोरड्या मुरुमावरच्या उजव्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नावापुरता जोर मिळतो. कितीही रेस करा, एक चाक भिरभिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही.

लॉकचं काम साधं आहे. एक्सल शाफ्टच्या खाचांवर सरकणारी दातेरी कॉलर, तिला धरणारा फोर्क, फोर्कला ढकलणारा छोटा एअर सिलिंडर आणि मागे आणणारी स्प्रिंग. बटण दाबलं की हवेच्या दाबाने कॉलर सरकते आणि तिचे दाते डिफरन्शियलच्या केसमध्ये, म्हणजे स्टार गिअरभोवतीच्या फिरत्या कवचात, अडकतात. बांधला जातो एकाच बाजूचा शाफ्ट, पण तेवढ्याने स्टार गिअरना फिरायला वाव उरत नाही आणि दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. नवीन पोरांना मी हे तोंडी सांगत बसत नाही. बाकीच्या चाकांना ठोकळे लावून एका एक्सलची दोन्ही चाकं स्टँडवर घ्यायची, त्यांचे ब्रेक मोकळे करायचे, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकायची आणि एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं उलट्या दिशेने फिरतं. आता लॉक लावा : चाक जागचं हलत नाही. हे एकदा हाताला कळलं की पुढचं समजायला सोपं जातं.

दहाचाकी ६×४ टिपरला (मागची जोडचाकं एक धरून सहा जागी चाकं, त्यातल्या चारांना इंजिनाचा जोर) बहुधा दोन लॉक असतात. एक मागच्या दोन एक्सलना एकमेकांशी बांधतो, दुसरा एकाच एक्सलची डावी-उजवी चाकं बांधतो. पहिला आधी लावायचा, कारण पुष्कळदा तेवढ्यावरच गाडी निघते आणि स्टिअरिंगही फारसं जड होत नाही. दुसरा लागला की गाडी सरळच जाऊ पाहते, वळायला नाखूश असते.

लावायची वेळ म्हणजे चिखलात शिरण्याआधीची. गाडी उभी किंवा अगदी सावकाश, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला. चाक भिरभिरत असताना बटण दाबलं तर थांबलेल्या आणि फिरत्या दात्यांची टक्कर होते. दाते तरी झडतात, नाहीतर कॉलर अचानक बसून सगळा झटका शाफ्टवर येतो. चाक फिरायला लागलंच असेल तर आधी ते थांबू द्या.

डॅशवरचा दिवा बटणाचा नसतो. फोर्क पूर्ण सरकून स्विच दबला की तो लागतो. बटण दाबूनही दिवा नाही म्हणजे दातासमोर दात आलाय. गाडी हळूच हातभर सरकवा, बसेल. तरीही नाही लागला तर हवेचा दाब आणि पाइपची गळती बघा.

काढायला मात्र लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं. चिखलात चाक घसरतं म्हणून ताण निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नसते, मग प्रत्येक वळणावर टायर घासतात आणि शाफ्टला पीळ बसतो. त्या पिळानेच दाते एकमेकांत घट्ट धरून राहतात, त्यामुळे बटण बंद केलं तरी स्प्रिंगला कॉलर ओढता येत नाही आणि दिवा पेटलेलाच राहतो. अशा वेळी दामटत पुढे जाऊ नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, थोडं रिव्हर्स घ्या. दिवा विझला की मगच पक्का रस्ता धरा.

मिस्त्रीकाम शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. लॉकच्या बाजूचा एक्सल शाफ्ट ओढण्याआधी लॉक लावून ठेवायचा. नाहीतर शाफ्ट निघाल्यावर कॉलर जागेवरून खाली बसते आणि तो परत घालताना खाचा जुळत नाहीत. गाडीत हवा नसेल तर बऱ्याच एक्सलवर सिलिंडरच्या जागी एक बोल्ट आवळून फोर्क हाताने आत ढकलायची सोय असते. काम झालं की तो बोल्ट आठवणीने मागे घ्यायचा, कारण तो तसाच राहिला तर ड्रायव्हरने बटण बंद केलं तरी लॉक सुटणार नाही.