घडीची पुस्तिका घरच्या प्रिंटरवर कशी छापावी

प्रिंटर चालू करण्याआधी चार कोरे कागद घ्यावेत, ते एकत्र धरून मधोमध दुमडावेत आणि तयार झालेल्या लहानशा वहीवर मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत ओळीने १ ते १६ आकडे पेन्सिलीने घालावेत. मग वही उलगडून कागद सुटे करावेत. सर्वांत बाहेरच्या कागदावर डावीकडे १६ आणि उजवीकडे १ दिसेल. तोच कागद पालटला की २ आणि १५ दिसतील. दुसऱ्या कागदावर १४ व ३ आणि त्याच्या पाठीवर ४ व १३ येतील. लागोपाठचे दोन आकडे कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी येतात ते फक्त सर्वांत आतल्या घडीत, ८ आणि ९. कोणत्याही बाजूवरच्या दोन आकड्यांची बेरीज मात्र नेहमी १७ भरते, म्हणजे एकूण पृष्ठसंख्येपेक्षा एक जास्त. पुस्तिकेच्या छपाईत पृष्ठांची जी उलटसुलट मांडणी करावी लागते, तिचे सगळे गणित या बेरजेत आहे. संगणक ती मांडणी स्वतः करतो हे खरे; पण त्याने ती बरोबर केली आहे की नाही हे ताडून पाहायला ही पेन्सिलीची वही हाताशी असावी.

मराठीत ‘पान’ हा शब्द आपण कागदासाठीही वापरतो आणि त्याच्या एका बाजूसाठीही, आणि या कामातला निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. म्हणून येथे एका बाजूवरच्या मजकुराला पृष्ठ म्हटले आहे आणि प्रिंटरमध्ये जातो तो कागद. एका कागदावर पाठपोट मिळून चार पृष्ठे बसत असल्यामुळे पुस्तिकेची एकूण पृष्ठसंख्या चारच्या पटीतच असावी लागते. दस्तऐवज २१ पृष्ठांचा असेल तर पुस्तिका २४ पृष्ठांची होते आणि उरलेली तीन पृष्ठे कोरी राहतात. ती कोठे राहावीत हे आपण ठरवले नाही, तर बहुतेक प्रणाली ती शेवटी टाकतात. मग मलपृष्ठासाठी खास लिहिलेला मजकूर आतल्या एखाद्या पृष्ठावर जाऊन बसतो आणि प्रत्यक्ष मलपृष्ठ कोरे निघते. मलपृष्ठावर काही हवे असेल, तर त्याच्या आधी लागतील तेवढी कोरी पृष्ठे मूळ दस्तऐवजातच घालून ठेवावीत.

यानंतरचा प्रश्न आकाराचा. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो आणि आडवा धरून मधोमध दुमडला की १४८ × २१० मिलिमीटरचा ए५ मिळतो. या मालिकेत लांबी आणि रुंदीचे गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाइतके ठेवलेले असल्यामुळे कागद अर्धा केला तरी प्रमाण बदलत नाही. ही कल्पना लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १७८६ मधील एका पत्रात मांडली होती; तिच्यावर बेतलेले मानक जर्मनीत १९२२ साली आले आणि आंतरराष्ट्रीय मानक १९७५ साली. आपल्या कामापुरता याचा अर्थ असा, की ए४ आकाराचे पृष्ठ ए५मध्ये बसवताना ते साधारण ७१ टक्क्यांवर येते आणि चारी बाजूंनी नेमके बसते. अमेरिकी लेटर आकारात तयार झालेला दस्तऐवज ए४ कागदावर घेतला, तर तो सुमारे ६९ टक्क्यांवर येतो आणि वर-खाली थोडी पांढरी पट्टी सुटते. त्यात बिघडत काही नाही, फक्त ती पट्टी पाहून दचकू नये.

खरी अडचण अक्षरांची आहे. मूळ दस्तऐवजातला १२ पॉइंटचा मजकूर ७१ टक्क्यांवर साडेआठ पॉइंटचा होतो. रोमन लिपीत तो वाचता येतो. देवनागरीत मात्र मात्रा, रफार आणि उकार यांची जागा अक्षराच्या त्याच उंचीत काढलेली असल्यामुळे जोडाक्षरे भरून आल्यासारखी दिसतात आणि तळटिपा तर वाचताच येत नाहीत. दस्तऐवज आपलाच असेल आणि त्याची मूळ फाइल हाताशी असेल, तर तो लहान करून छापण्याच्या भानगडीत न पडता पृष्ठाचा आकारच ए५ करावा, मजकूर नव्याने वाहू द्यावा आणि त्यानंतर पीडीएफ काढावी. अशी पीडीएफ पुस्तिका म्हणून छापताना अक्षर जसे ठरवले तसेच राहते. समास ठेवताना ‘समोरासमोर पृष्ठे’ हा प्रकार निवडून घडीकडचा समास १८ आणि बाहेरचा १२ मिलिमीटरच्या आसपास ठेवला, तर घडीजवळचे शब्द वाचण्यासाठी पुस्तिका ताणून उघडावी लागत नाही. कागदाच्या कडेचे चार-पाच मिलिमीटर बहुतेक घरगुती प्रिंटर छापूच शकत नाहीत, हेही समास ठरवताना ध्यानात ठेवावे.

हाती केवळ पीडीएफ असेल, तर आधी तिचे समास कापावेत. समजा, ए४ पृष्ठावर चारी बाजूंना २५ मिलिमीटर समास आहे. म्हणजे मजकुराचा चौकोन १६० × २४७ मिलिमीटरचा झाला. ए५वर चहूकडे १० मिलिमीटर सोडले तर १२८ × १९० मिलिमीटर जागा उरते, आणि तो चौकोन तिथे सुमारे ७७ टक्क्यांवर बसतो. साडेआठ पॉइंटच्या जागी सव्वानऊ पॉइंट मिळतात. आकडा किरकोळ वाटतो, पण पन्नास पृष्ठे सलग वाचायची असतील तेव्हा डोळ्यांना फरक कळतो. अशा कापणीसाठी ब्रिससारख्या मोफत प्रणाली आहेत. त्या सगळी पृष्ठे एकावर एक ठेवून दाखवतात, त्यामुळे कोठे मजकूर कापला जात नाही ना हे एका नजरेत दिसते.

मांडणी करण्याची सोय बहुतेकांच्या संगणकात आधीपासून असते. अॅक्रोबॅट रीडरमध्ये छपाईच्या खिडकीत ‘बुकलेट’ हे बटण आहे. लिबरऑफिस रायटरमध्ये छपाईच्याच खिडकीत पृष्ठरचनेखाली ‘ब्रोशर’ मिळते. वर्डमध्ये पेज सेटअपमध्ये ‘बुक फोल्ड’ निवडावे लागते. त्याने पृष्ठ अर्ध्या आकाराचे होऊन मजकूर पुन्हा वाहतो, म्हणून ते लिहून झाल्यावर निवडण्यापेक्षा सुरुवातीलाच निवडणे शहाणपणाचे. काही प्रिंटरच्या स्वतःच्या मांडणीखिडकीतही ‘बुकलेट’ असे वेगळे कलम असते. प्रणालीची खिडकी आणि प्रिंटरची खिडकी, या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी खूण करू नये. तसे केल्यास आधीच मांडलेल्या जोड्या पुन्हा मांडल्या जातात आणि कागदाच्या एका बाजूवर चार-चार इवलीशी पृष्ठे भलत्याच क्रमाने उमटतात.

सर्वांत जास्त कागद वाया जातो तो पाठपोट छपाईतल्या एका निवडीमुळे. प्रिंटर विचारतो, की कागद लांब कडेवर पालटायचा की आखूड कडेवर. उभ्या दस्तऐवजासाठी आपण नेहमी लांब कड निवडतो आणि त्याच सवयीने येथेही निवडतो. पुस्तिकेत मात्र कागद आडवा असतो आणि घडी त्याच्या आखूड कडेला समांतर पडते, त्यामुळे पुस्तकाचे पान उलटावे तसा तो आखूड कडेवरच पालटला पाहिजे. ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ असे शब्द दिसतात ते याचसाठी. मी एकदा ही निवड न पाहता साठ पृष्ठांची पुस्तिका छापली. पंधरा कागद बाहेर आले, दुमडले, आणि उघडून पाहतो तर प्रत्येक कागदाची पाठची बाजू डोक्यावर उभी. पहिला कागद बाहेर पडल्याबरोबर तो दुमडून पेन्सिलीच्या वहीशेजारी धरला असता तर चौदा कागद वाचले असते. तेव्हापासून आधी फक्त एक कागद छापायचा, हे मी मोडत नाही. अॅक्रोबॅट रीडरमध्ये बुकलेट निवडल्यावर कोणत्या क्रमांकाच्या कागदापासून कोणत्या कागदापर्यंत छापायचे हे सांगता येते. तेथे दोन्हीकडे १ लिहावे.

ज्या प्रिंटरला आपोआप पाठपोट छापता येत नाही, त्यावरही पुस्तिका निघते, फक्त दोन फेऱ्या कराव्या लागतात. अॅक्रोबॅट रीडरमध्ये आधी केवळ पुढची बाजू निवडून सगळे कागद छापावेत, गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये ठेवावा आणि मग केवळ मागची बाजू छापावी. गठ्ठा कसा ठेवायचा हे प्रत्येक प्रिंटरचे वेगळे असते. कोणता छापील बाजू वर ठेवून कागद बाहेर टाकतो, कोणता खाली. त्यावर गठ्ठ्याचा क्रम सुलटा राहतो की उलटा होतो हे अवलंबून असते. ट्रेमधल्या कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला, प्रिंटरच्या आत शिरणाऱ्या कडेकडे टोक करून, पेन्सिलीने एक बाण काढावा आणि त्यावर काहीही छापून पाहावे. छपाई बाणाच्याच बाजूला आली की पाठीला, आणि बाणाचे टोक अक्षरांच्या डोक्याकडे आहे की कुशीला, हे एकदा पाहून ट्रेवर चिकटपट्टीने नोंद लावून ठेवली, की पुढे प्रत्येक वेळी डोके चालवावे लागत नाही. दुसऱ्या फेरीत दोन कागद एकदम ओढले गेले तर तिथून पुढचे सगळे चुकते. म्हणून गठ्ठा ठेवण्याआधी तो चांगला फुलवून घ्यावा, आणि पुस्तिका मोठी असेल तर दहा-दहा कागदांचे तुकडे करून छापावी.

मुखपृष्ठ जाड कागदाचे हवे असेल, तर पहिला कागद वेगळा छापला म्हणजे झाले, कारण पुस्तिकेची पहिली दोन आणि शेवटची दोन पृष्ठे त्या एकाच कागदावर असतात. आतल्या पृष्ठांना ७५ ते ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) नेहमीचा कागद पुरतो, मुखपृष्ठाला १६० ते २०० जीएसएम.

घडी घालताना सगळे कागद एकदम दुमडण्याचा मोह आवरावा. दहा कागद एकदम दुमडले तर घडी गोल फुगते आणि पुस्तिका मिटलेली राहत नाही. दोन-तीन कागद घेऊन, कोपऱ्याला कोपरा जुळवून, घडीवरून प्लास्टिकच्या पट्टीची कड किंवा चमच्याची पाठ फिरवावी आणि मग ते एकमेकांत घालावेत. ए४ कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात आणि आपली घडी त्यांना आडवी पडते, म्हणून ती थोडी हट्टी असते. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवली की नमते.

पिन मारायला नेहमीचा स्टेपलर घडीपर्यंत पोहोचत नाही. लांब हाताचा स्टेपलर नसेल, तर पुस्तिका उघडी करून, मुखपृष्ठ वर येईल अशी थर्मोकोलच्या तुकड्यावर पालथी ठेवावी, स्टेपलर पूर्ण उघडून घडीच्या रेषेवर दाबावा, मग पुस्तिका हलकेच उचलून आतल्या बाजूला निघालेली पिनेची टोके पट्टीने आडवी करावीत. दोन पिना पुरतात.

दोरा वापरायचा असेल तर घडीवर तीन भोके पाडावीत: एक मध्यावर, दोन कडांपासून तीन-चार सेंटिमीटरवर. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत घ्यावी, आतल्या आत मधले भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर काढावी आणि शेवटी मधल्या भोकातून पुन्हा आत आणावी. दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारली की शिलाई झाली. पिनेपेक्षा मला हीच आवडते. ती गंजत नाही.

आठ-दहा कागदांपर्यंत एकच घडी चालते. त्यापुढे कागदाची जाडी त्रास देऊ लागते. नेहमीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे दहा कागद एकमेकांत घातले की सर्वांत आतला कागद बाहेरच्यापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर पुढे डोकावतो. १२० पृष्ठांच्या दस्तऐवजाला तीस कागद लागतात आणि ते एका घडीत मावत नाहीत. छापखान्यात अशा वेळी मजकुराचे फर्मे, म्हणजे एकेका घडीचे वेगळे भाग, पाडतात; घरी तेच करायला छपाईच्या खिडकीत आधी १ ते २०, मग २१ ते ४० अशी पृष्ठे देऊन दर वेळी पुस्तिका छापावी. पाच-पाच कागदांचे सहा फर्मे होतात, ते एकावर एक ठेवून पाठीकडून शिवता येतात. वर्डमध्ये किती पृष्ठांचा एक फर्मा करायचा हे बुक फोल्डच्या शेजारीच निवडता येते.

डोकावणाऱ्या कडा कापायच्या असतील, तर त्या शिलाईनंतरच कापाव्यात. पोलादी पट्टी घट्ट दाबून कटर हलक्या हाताने सात-आठ वेळा फिरवावा आणि प्रत्येक वेळी एक-दोन कागद कापले जाऊ द्यावेत. जोर लावला की खालचे कागद सरकतात आणि कड तिरकी जाते. पाते मात्र नवे असावे.