बांध घातला, तरी माती गेली: अमेरिकी शिवारांतल्या या चुका टाळा

१४ एप्रिल १९३५ च्या रविवारी ओक्लाहोमा-टेक्सासच्या पट्ट्यावर धुळीची काळी भिंत चालून आली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेचा मृद्‌संधारण कायदा झाला. पुढची वीस-पंचवीस वर्षं सरकारी तंत्रज्ञ दुर्बीण आणि पट्टी घेऊन शेतोशेत फिरले. समतल (उतारावर एकाच उंचीने जाणाऱ्या) रेषा आखल्या, बांध घातले, तळी बांधली, झाडं लावली. त्यातलं पुष्कळ टिकलं. जे टिकलं नाही, त्यातल्या चुका आजही आपल्याकडे जशाच्या तशा होताना दिसतात, म्हणून त्या उकलून बघायच्या.

बांध आधी, पाणवाट नंतर

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. आग्नेय अमेरिकेच्या कापसाच्या उतारांवर घातलेले बांध पाणी जागीच कोंडत नसत. किंचित ढाळ देऊन ते पाणी शेताच्या कडेला नेत. ती कड उघडी असली, किंवा सरळ रस्त्याकडेचा चर असला, की दहा बांधांचं पाणी एका जागी येऊन आदळायचं. मग शेतातल्या वीतभर ओघळी बुजल्या, पण कडेला माणूस बुडेल एवढी घळ पडली, असं व्हायचं. धावतं पाणी चालायला लावायचं हे खरं, पण चालत ते जाणार कुठे?

उपाय रुक्ष आहे. आधी रुंद, उथळ पाणवाट करून तिच्यात गवत लावायचं. एक-दोन हंगाम ते मूळ धरेपर्यंत थांबायचं आणि मगच बांधाला हात घालायचा. हे थांबणं कुणालाच आवडत नाही. मजूर दारात आहेत आणि अनुदानाची मुदत संपत आलीय, ही परिस्थिती तिकडेही होती.

पाणवाट झाल्यावरही ती बिघडते. औत वळवताना न उचलता गवतातून ओढलं जातं, किंवा ट्रॅक्टरसाठी तीच वाट होऊन बसते. पाणवाटेला लागून, तिला समांतर नवी ओघळ दिसू लागली, तर समजा की गाळाने आणि गवताने कड उंच झालीय आणि पाणी आत शिरायचं सोडून बाहेरून पळतंय. जिथून पाणी आत यायला हवं तिथली कड खाली घ्या. शेवटचं तास पाणवाटेच्या कडेने काढू नका.

फक्त आडवी पेरणी

उताराला आडवी पेरणी चांगलीच. पण लांब उतारावर ती एकटी पुरत नाही. जुन्या बुजलेल्या घळीपाशी जमीन थोडी खोलगट असते, तिथे सरीत पाणी साचतं आणि वरंबा फुटतो. वरचा फुटला की खालचा, मग त्याखालचा. उभ्या पेरणीत ओघळी बारीक पण पुष्कळ पडतात. इथे सगळं पाणी एका ठिकाणाहून सुटतं.

विस्कॉन्सिनच्या कून व्हॅलीत १९३३ साली देशातला पहिला पाणलोट प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाला. तिथली उतारांवरची शेतं चौकोनी पाडलेली होती. ती मोडून डोंगराच्या अंगाने वळणारे पट्टे केले: एक मक्याचा, एक ओटचा, एक चाऱ्याच्या पिकाचा. मक्याच्या पट्ट्यातून सुटलेली माती खालच्या दाट पट्ट्यात अडकायची. फार उभ्या कड्यांवर झाडी राखली आणि तिथे गुरांना बंदी केली. माझ्या मते खरं काम त्या चाऱ्याच्या पट्ट्याने केलं. मातीवर पांघरूण नसेल, तर नुसत्या आखीव रेषा काय धरून ठेवणार?

बांध फुटतो तो कुठे?

बहुधा सगळ्यात खालच्या जागी, जिथे जुना नाला होता तिथे. नवा भराव दबतो आणि नेमका तिथेच जास्त दबतो, म्हणून तिथे उंची वाढवून ठेवावी लागते. उंदरा-घुशींची बिळं हे दुसरं कारण.

आपल्याकडे मुंबई प्रांतात १९४२ चा जमीन सुधारणा कायदा आला आणि अवर्षणी भागात समतल बांधबंदिस्ती पसरली. खोल काळ्या रानात मात्र हे बांध नडले. पावसाळ्यात बांधाआड पाणी तुंबून पीक पिवळं पडायचं, उन्हाळ्यात बांधाला भेगा जायच्या आणि पहिल्या मोठ्या पावसात तो भेगेतून फुटायचा. अशा जमिनीत पाण्याला ढाळ देऊन बाहेर काढणारा बांधच हवा.

शेततळं गाळाने भरलं

तळं उपसण्याआधी वर चालत जाऊन बघा. वरचं रान उघडं असेल, तर उपसलेलं तळं पुन्हा भरणारच. सांडवा अरुंद ठेवू नका, भरावावर झाडं वाढू देऊ नका. गुरं थेट तळ्यात उतरली की काठ तुडवून ढासळतात. अमेरिकी शेतकऱ्यांना त्यासाठी सांगितलेली युक्ती साधी होती: तळ्याला कुंपण करा आणि भरावाखालून नळ काढून पाणी खालच्या हौदात घ्या.

वाऱ्याच्या मुलखात स्वच्छ रान

रान पडीक ठेवून, वारंवार पाळ्या घालून भुगा करायचा म्हणजे ओल टिकते, अशी समजूत होती. तण मेलं, ओल काही प्रमाणात राहिली, आणि वर उरलेली भुकटी वाऱ्याला आयती मिळाली. नेब्रास्कात धसकटं जागीच ठेवून खालून पातं फिरवायची पद्धत तयार झाली. तरीही दुसऱ्या महायुद्धात गव्हाचा भाव चढल्यावर गवताळ माळ पुन्हा नांगरले गेले, आणि १९५० च्या दशकातल्या दुष्काळात धूळ परत उडाली. हातघाईच्या वेळी वाऱ्याला काटकोनात खोल तासं काढून ढेकळं वर आणत. निव्वळ वाळूत ढेकूळच धरत नाही, तिथे याचा उपयोग नाही.

चांगल्या वर्षाच्या हिशेबाने गुरं

कुरणांवर नियम होता: निम्मं गवत चारा, निम्मं राखा. चूक कळपाच्या आकड्यात व्हायची, कारण तो पावसाच्या वर्षात ठरायचा. गुरं पाण्याजवळच घुटमळून तिथलं रान खरवडून टाकतात, म्हणून गुरांना चाटायच्या मिठाच्या ढेपा पाण्यापासून लांब ठेवायच्या. खर्च जवळजवळ शून्य.

झटपट वाढणारी वेल

दक्षिणेत घळी झाकायला जपानहून आलेली कुडझू वेल सरकारनेच वाटली. रोपं सुमारे ८.५ कोटी, आणि लावणाऱ्याला एकरी ८ डॉलरपर्यंत मदत. घळी झाकल्या खऱ्या, पण चरायला गुरं नसलेल्या ठिकाणी वेलीने झाडं आणि ओसाड घरंही झाकली. १९५३ मध्ये अनुदानपात्र यादीतून तिचं नाव काढलं, तोवर ती हाताबाहेर गेली होती. टेक्सासच्या कुरणांवर पसरलेल्या मेस्कीट या काटेरी झाडाचीच एक बहीण आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून गायरानात काटे पसरून बसलीय. तेव्हा बांधावर लावायला कुणी न खाल्लं जाणारं, न मरणारं रोप आणून दिलं, तर आधी त्याला विचारा: नको झालं तर हे काढायचं कसं?