हेजहॉग आणि कंपोस्टमधील जिवाणू यांची तुलना करताना या चुका टाळा

युरोपातील बागेत पालापाचोळ्याचा एकच कंपोस्ट ढीग दोन अगदी भिन्न जीवांना आसरा देतो: कडेच्या कोरड्या पानांत युरोपीय हेजहॉग हा छोटा काटेरी सस्तन प्राणी, आणि तापलेल्या गाभ्यात जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस हा उष्णताप्रेमी जिवाणू. दोघांची तुलना अभ्यासासाठी उत्तम आहे, पण ती हमखास काही ठिकाणी फसते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हेजहॉगची शीतनिद्रा आणि जिवाणूचा बीजाणू (प्रतिकूल काळ तगून जाण्यासाठी पेशीने घेतलेले टणक रूप) यांना ‘सुप्तावस्था’ हे एकच नाव देऊन मोकळे होणे. शीतनिद्रेत हेजहॉगच्या शरीराचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसवरून भोवतालच्या थंडीइतके, कधी कधी ५ अंशांच्या आसपास उतरते आणि हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १९० वरून २० पर्यंत येतात. तरीही चयापचय मंद गतीने चालूच असतो, आणि प्राणी हिवाळ्यात मधून मधून जागा होतो तेव्हा साठवलेली चरबी भराभर खर्च होते. बीजाणूत मात्र चयापचय जवळजवळ थांबलेला असतो आणि पाणी कमी झाल्याने त्याचा गाभा उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही. म्हणूनच रुग्णालयांत ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) याच बीजाणूंची पट्टी ठेवतात. १२१ अंशांची फेरी संपल्यावर ती पोषक द्रवात सुमारे ५५ ते ६० अंशांवर ठेवली असता जिवाणू वाढले, तर निर्जंतुकीकरण फसले असे समजतात.

तापमानाची तुलनाही जपून करावी. जागा असलेला हेजहॉग आपली ऊब स्वतः टिकवतो, तर जिवाणूपेशीचे तापमान म्हणजे ढिगाचेच तापमान. ती उष्णता असंख्य सूक्ष्मजीवांच्या एकत्रित चयापचयातून साठलेली असते, एका पेशीची नसते.

जुन्या ग्रंथांतील बॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस हा वेगळा जिवाणू समजू नये. तोच जिवाणू २००१ मध्ये जिओबॅसिलस या प्रजातीत (genus) हलवला गेला, म्हणून नाव बदलले. काट्यांवरून हेजहॉगला साळिंदराचा भाऊबंद ठरवणेही चुकीचे आहे, कारण साळिंदर कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा प्राणी) आहे आणि हेजहॉग चिचुंद्रीच्या जवळचा.

प्रत्यक्ष बागेत सर्वांत घातक ठरतो तो संपूर्ण ढीग सारखाच तापलेला असतो हा समज. गाभा ६० अंशांवर असतानाही कडा थंड असू शकते आणि तिथेच हेजहॉग घरटे करतो, त्यामुळे दाताळे खुपसण्यापूर्वी कडेची पाने हातमोजे घालून हलकेच बाजूला करून पाहावीत, आणि निजलेला प्राणी आढळल्यास पाने पूर्ववत झाकून ढिगाचे काम वसंतापर्यंत थांबवावे.