एका गेटमधून ऑसिलेटर: ४०१०६ आणि ४०९३ पासून सुरुवात करा

ऑसिलेटर म्हणजे स्वतःहून सतत चालू-बंद होणारा सिग्नल देणारं सर्किट. ते म्हटलं की सगळे डायरेक्ट ५५५ या टायमर आयसीकडे वळतात. ५५५ चांगलीच आयसी आहे, पण लॉजिक गेटमधून ऑसिलेटर बनवला की आत नक्की काय चाललंय ते जास्त नीट कळतं असं माझं ठाम मत आहे, आणि पार्टही कमी लागतात, एक गेट, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, बास.

आयसी घ्यायची सीडी४०१०६. तिच्यात सहा इन्व्हर्टर असतात, म्हणजे इनपुट हाय (प्लसजवळ) असलं की आउटपुट लो (मायनसजवळ) आणि उलट करणारे गेट, आणि सहाही श्मिट ट्रिगरवाले (म्हणजे काय ते पुढे बघू). पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. ७४एचसी१४ पण चालते, पिना सेम टू सेम, फक्त तिला ६ व्होल्टच्या वर देऊ नका, ९ व्होल्टची बॅटरी तिच्यासाठी नाही. ४०१०६ ला ३ ते १५ व्होल्ट काहीही चालतं. एक गोष्ट मात्र घेताना बघा, ४०६९ च्या पिना पण हुबेहूब अशाच आहेत पण ती श्मिट नाही, त्यामुळे नंबर नीट वाचून घ्या.

जोडणी अशी. आयसीची खाच डावीकडे ठेवली की खालची डावी पिन १ नंबर. १४ ला प्लस, ७ ला मायनस, आणि या दोघांमध्ये आयसीच्या अगदी जवळ १०४ नंबरचा (१०० नॅनोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर लावाच, तो नसला की विचित्र प्रॉब्लेम येतात जे शोधण्यात संध्याकाळ जाते. आता पिन १ आणि २ च्या मध्ये १ मेगओहमचा रेझिस्टर, आणि पिन १ पासून मायनसला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इथे इलेक्ट्रोलिटिक चालतो, मायनस पाय ग्राउंडला. पिन २ वर स्क्वेअर वेव्ह (हाय-लो असा चौकोनी सिग्नल) मिळते, साधारण ०.८ सेकंदाला एक फेरी.

एलईडी पिन २ ला लावू नका. ४०१०६, ४०९३ अशा ४००० सिरीजच्या आयसीच्या आउटपुटला फार करंट देता येत नाही, एलईडीने ते आउटपुट खाली ओढलं की कपॅसिटरचं चार्जिंग पण बदलतं आणि टायमिंग बिघडतं. त्यापेक्षा पिन २ पिन ३ ला जोडा, म्हणजे दुसरा गेट बफर (मधला मदतनीस) झाला, आणि पिन ४ वरून २.२ के मधून एलईडी घ्या. उरलेले इनपुट म्हणजे ५, ९, ११, १३ ग्राउंडला. सीमॉसचं (या आयसी त्याच प्रकारच्या) इनपुट लोंबकळत ठेवलं तर ते हवेतला हम पकडतं, गेट अर्धवट अवस्थेत जातो आणि उगाच करंट खातो.

आता हे हलतं कशामुळे ते बघू, कारण इथेच सगळी गंमत आहे. साध्या गेटला एकच हद्द असते, तिच्या वर हाय, खाली लो. श्मिटला दोन असतात. ५ व्होल्टवर ४०१०६ ची वरची हद्द साधारण २.९ आणि खालची १.९. सुरुवातीला कपॅसिटर रिकामा म्हणून आउटपुट हाय, मग रेझिस्टरमधून कपॅसिटर भरत जातो, २.९ ला पोचला की आउटपुट लो, आता तोच कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून रिकामा व्हायला लागतो, पण २.९ च्या जरा खाली आल्यावर गेट परत पलटत नाही, १.९ पर्यंत थांबतो. गच्चीवरच्या टाकीचा ऑटोमॅटिक पंप जसा खालच्या खुणेला चालू आणि वरच्या खुणेला बंद होतो तसंच. दोन हद्दींमधली हीच जागा ४०६९ मध्ये नाही, तिला हेच सर्किट दिलं तर ती अर्ध्या व्होल्टेजवर अडकून बसते. श्मिट ट्रिगरची ही आयडिया अमेरिकन शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांची, १९३४ ची, स्क्विडच्या नसांचा अभ्यास करताना सुचलेली!

फ्रिक्वेन्सी साधारण १.२ भागिले आर गुणिले सी. १०० के आणि १० नॅनोफॅरडला १.२ किलोहर्ट्झ. हा आकडा अंदाजाचाच धरा, कारण दोन्ही हद्दी कंपनीप्रमाणे बऱ्याच बदलतात, त्यामुळे घड्याळासाठी हे सर्किट नको, आवाजासाठी आणि ब्लिंकरसाठी मस्त. १० के रेझिस्टरच्या सिरीजला १ मेगचा पॉट (नॉबने बदलता येणारा रेझिस्टर) आणि १०० नॅनोफॅरड लावा, नॉब फिरवून १२ हर्ट्झपासून १२०० हर्ट्झपर्यंत जाता येतं. पॉटच्या जागी एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) लावला तर हाताच्या सावलीने सूर बदलतो. रेझिस्टर १० के च्या फार खाली नेऊ नका, आउटपुटला झेपत नाही.

पुढची पायरी ४०९३, म्हणजे चार श्मिट नँड. नँड म्हणजे दोन इनपुटचा गेट, दोन्ही हाय असतील तरच आउटपुट लो. एक इनपुट ऑसिलेटरला, दुसरं चालू-बंद करायला. बीप-बीप असं करा: पिन १ प्लसला, पिन ३ ते २ एक मेग, पिन २ ते ग्राउंड ४७० नॅनो, हा झाला हळू ऑसिलेटर. पिन ३ जोडा पिन ५ ला, पिन ४ ते ६ शंभर के, पिन ६ ते ग्राउंड १० नॅनो. पिन ४ आणि ग्राउंडमध्ये पिएझो डिस्क (आवाज करणारी पातळ चकती) लावली की झालं.

स्पीकर हवा असेल तर ट्रान्झिस्टर लागेल, आणि इथे बरेच जण फसतात. नँड बंद असताना आउटपुट हाय राहतं, म्हणजे थेट बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावला तर शांततेच्या वेळी स्पीकरमधून सलग करंट वाहतो आणि ट्रान्झिस्टर तापतो. म्हणून पिन ८ आणि ९ एकत्र करून पिन ४ ला जोडा, पिन १० वरून ४.७ के मधून बेसला जा, एमिटर ग्राउंडला, आणि प्लस ते कलेक्टर स्पीकर १०० ओहमच्या सिरीजला. १२ आणि १३ ग्राउंडला.