सर्व्हिसिंग करून आणली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला, आता कुठून बघायला सुरुवात करायची

गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा डॅशबोर्ड एकदम स्वच्छ होता, ऑइल बदललं, फिल्टर बदलले, गाडी धुऊन पुसून हातात आली आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पिवळा इंजिनचा दिवा. माझ्याबाबतीत हे दोनदा झालंय, एकदा दुसऱ्याच्या हातून आणि एकदा माझ्याच, त्यामुळे मेकॅनिकला शिव्या घालायच्या आधी जरा थांबा. गॅरेजवाला म्हणतो सेन्सर आधीपासूनच जायला आला असणार, आपण म्हणतो तुम्हीच काहीतरी केलंत, आणि या भांडणात गाडी तशीच राहते. नेमक्या त्याच आठवड्यात सेन्सर जाऊ शकतो, नाही असं नाही, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी जिथं जिथं हात लागलाय तिथं बघायचं.

म्हणून बोनेट उघडायच्या आधी बिल उघडा. काय काय बदललं, काय काय काढून परत बसवलं ते वाचा, आणि बिलात नसतं तेही विचारा, म्हणजे बॅटरी काढली होती का, सीट काढून आतून साफ केली का, इंजिनवर पाणी मारलं का. निम्मा तपास इथंच होतो.

मग दिव्याचा रंग. पिवळा आणि स्थिर असेल तर शोधायला वेळ आहे, लाल असेल तर नाही. तेलाच्या झारीचं लाल चित्र म्हणजे ऑइलचं प्रेशर. ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा गाडी चालू केली की नवीन फिल्टर भरेपर्यंत दोन-चार सेकंद तो दिवा राहतो, ते चालतं, पण त्यानंतरही राहिला किंवा रस्त्यात लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद, "घर जवळच आहे, हळूहळू नेतो" हे करू नका. खाली वाकून बघा, ऑइल ठिबकतंय का. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते, तिच्यावर नवीन फिल्टर पिळला की दोन रिंगा होतात आणि प्रेशर आलं की तिथून ऑइल बाहेर. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा, लेव्हल दोन खुणांच्या मध्ये हवी. लेव्हल बरोबर आहे, गळत नाहीये, तरी दिवा आहे, तर प्रेशर स्विचची वायर निघालेली असू शकते पण ते घरी बसून ठरवायचं नसतं, गाडी टो करून न्या आणि गेज लावून प्रेशर मोजून घ्या.

आता पिवळ्यातले काही दिवे मुळात बिघाडाचे नसतातच. पान्याचं चित्र किंवा 'सर्व्हिस' असं अक्षरात आलं तर तो नुसता हिशेब असतो, किती किलोमीटर झाले आणि किती दिवस झाले एवढंच मोजतो. ऑइल बदललं हे बहुतेक गाड्यांना आपोआप कळत नाही, तो मेनूतून किंवा ट्रिपचं बटण दाबून धरून रीसेट करावा लागतो आणि तेच करायचं राहून गेलेलं असतं. टायरच्या दिव्याचंही तसंच. बऱ्याच गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतोच, एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून कुठलं चाक जास्त फिरतंय ते बघून गाडी अंदाज बांधते, त्यामुळे टायर आलटून पालटून लावले किंवा हवा भरली की तिला पुन्हा शिकवावं लागतं. हवा टायर गार असताना मोजा, तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की साधारण २ पीएसआय कमी होते, त्यामुळे दुपारी गरम टायरमध्ये मापात भरलेली हवा पहाटे कमी दाखवते.

खरा डोकेदुखीचा दिवा म्हणजे चेक इंजिन. आधी हे बघा की तो स्थिर आहे की लुकलुकतोय. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा पार्ट) तापवतंय आणि तो पार्ट भयंकर महाग असतो, तेव्हा रेस न देता गाडी थांबवा. स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर कोड वाचायचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा नंबर. स्टिअरिंगच्या खाली कुठंतरी १६ पिनचं सॉकेट असतं, त्यात छोटा ब्लूटूथचा ओबीडी अ‍ॅडॉप्टर लावला की मोबाइलवर कोड येतो. कोड दिसला की लगेच डिलीट दाबायचा मोह होतो, नका दाबू. आधी कोडचा आणि त्याच्यासोबत असलेल्या फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, कारण दिवा लागला तेव्हा इंजिन गार होतं की गरम, स्पीड किती, आरपीएम किती हे सगळं तिथं लिहिलेलं असतं आणि कोड पुसला की तेही पुसलं जातं.

आणि कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. पी०१७१ आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, पण तो बिचारा फक्त सांगतोय की इंजिनला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळतेय. एअर फिल्टर नुकताच बदललेला असताना ही हवा कुठून येतेय हा प्रश्न आहे. माझ्या गाडीला हाच कोड होता. फिल्टरचा डबा वरून बघितला तर क्लिपा लागलेल्या, सगळं टकाटक, दोन दिवस मी पेट्रोललाच दोष देत बसलो. मग डब्यापासून इंजिनकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपवर हात फिरवला, वरून घट्ट, पण खालच्या बाजूला बोट आत गेलं, पाइप तोंडावर अर्धाच चढलेला आणि वरून क्लँप आवळलेला. म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून थेट आत जाणारी फट. स्क्रूड्रायव्हरने क्लँप ढिला करायचा, पाइप पूर्ण चढवायचा, परत आवळायचा, पाच मिनिटांचं काम. तेव्हा डोळ्यांवर जाऊ नका, बोटं फिरवा, खालून आणि मागून. अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम (गाडी स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतेय किंवा कमी करतेय तो आकडा) दिसत असेल तर तोही बघा, आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता, अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला बराच खाली येत असेल तर बहुतेक वेळा हवेची गळतीच असते.

पी०१०२ किंवा पी०११३ असेल तर काम अजून सोपं, बहुतेक कनेक्टरच निघालेला किंवा अर्धवट बसलेला असतो, कारण हवेचं माप घेणारा आणि तिचं तापमान बघणारा असे दोन्ही सेन्सर बऱ्याचदा एकाच कनेक्टरवर असतात. गाडी बंद करून कनेक्टर काढा, आतल्या पिना वाकल्यात का बघा, परत लावा. टिक असा आवाज आला पाहिजे, नुसता आत गेल्यासारखा दिसला म्हणजे लॉक झाला असं नाही. धुऊन वापरायचा तेलकट फिल्टर टाकला असेल तर तेलाचा थर त्या सेन्सरच्या तारेवर बसू शकतो, त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, कापडाने पुसायला जाऊ नका, तार तुटते.

स्पार्क प्लग बदलल्यावर पी०३०२ सारखा मिसिंगचा कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे इथं दुसरा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्याला लावायची आणि तिसऱ्याची दुसऱ्याला, थोडी गाडी चालवून कोड परत वाचायचा. पी०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत गेला, पी०३०२ च राहिला तर प्लग बघा, बसवायच्या आधी हातातून पडलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला बारीक तडा जातो आणि तो सहज दिसत नाही. इंजिन धुतलं असेल तर प्लगच्या खड्ड्यात पाणीही साचलेलं असतं.

बाकीचे दिवे पटकन सांगतो. ब्रेकचं काम झाल्यावर एबीएसचा दिवा आला तर ज्या चाकाला हात लागला तिथली सेन्सरची वायर बघा, बहुतेक ओढली गेलेली किंवा क्लिपमधून निघालेली असते. ब्रेकचा लाल दिवा असेल तर हँडब्रेक पूर्ण खाली आहे का आणि ब्रेक ऑइलची लेव्हल किती हे आधी बघायचं, लेव्हल कमी असेल किंवा पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवायचीच नाही. बॅटरी काढून लावल्यावर ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा राहिला तर बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडी सरळ चालवली की तो जातो. चार्जिंगचा दिवा असेल तर मल्टिमीटर लावा, बंद गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीला साधारण १३.८ ते १४.५ हवेत, चालू असतानाही १२ च दाखवत असेल तर अल्टरनेटरचा बेल्ट आणि वायर बघा.

एअरबॅगच्या दिव्याला मात्र हात लावू नका. आतून साफसफाई करताना सीटखालचा पिवळा कनेक्टर हलतो हे खरंय, पण तिथं मल्टिमीटरच्या सुया खुपसणं म्हणजे नसता उद्योग, ते माहीतगारालाच करू दे.

दुरुस्ती झाल्यावर दिवा त्या क्षणी जात नाही याची लोकांना धास्ती बसते. चेक इंजिनच्या बाबतीत गाडी स्वतःची परीक्षा घेते, लागोपाठ तीन ड्राइव्ह सायकलमध्ये दोष सापडला नाही की दिवा आपोआप विझतो, कोड मात्र मेमरीत अजून बरेच दिवस राहतो. एक सायकल म्हणजे गार इंजिन चालू करून ते नीट गरम होईपर्यंत, थोडं सिग्नलला थांबत थोडं एकसारख्या स्पीडने चालवणं, कोपऱ्यावर जाऊन आलं की ती पूर्ण होत नाही. कारण सापडलंय याची खात्री असेल तर कोड पुसायला हरकत नाही, पण त्यासाठी बॅटरीची तार काढायचा जुना उपाय नको, आयडलिंगची सेटिंग आणि इतर शिकलेलं सगळं गाडी विसरते. पुसल्यावर आठवडाभर अ‍ॅडॉप्टर गाडीतच ठेवा आणि अ‍ॅपमध्ये पेंडिंग कोड बघत राहा, कारण बरेच दोष पहिल्या वेळी तिथं गुपचूप नोंदले जातात आणि दुसऱ्या सायकलला परत सापडले की मगच दिवा लागतो. तोच कोड पेंडिंगमध्ये परत दिसला तर फोटो, बिल आणि तुम्ही काय काय बघितलंत ते घेऊन गॅरेजला जा, आणि "दिवा घालवा" असं म्हणू नका, "हा कोड का येतोय ते शोधा" असं म्हणा, नाहीतर ते समोरच स्कॅनर लावून कोड पुसतील आणि तुम्ही परत दोन दिवसांनी तिथंच उभे.